इंग्रजीचा तास कोण घेतं?

कुणी शेतातून आत्ताच आली असेल, कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुठे गटाची बैठक भरली असेल आणि मधे रेडिओ ठेवला असेल.

आज मी हप्ता, व्याज, रजिस्टर यावर बोलणार नाही. पैशाचा विषय मधे येईलच म्हणा, तो कुठं सुटतोय. पण आज बोलायचंय ते आपल्या गावच्या हायस्कूलमधल्या इंग्रजीबद्दल. तुम्ही म्हणाल, ताईला आज काय झालं? आपल्याला इंग्रजीतलं काय कळतंय? कळत नाही म्हणूनच बोलायचंय.

जून महिना जवळ आला की आमच्याकडे कर्जमागणीचे अर्ज वाढतात. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं 'शैक्षणिक'. थोडं विचारलं की कळतं, कुणाला पोराला इंग्लिश मीडियमला घालायचंय, त्याची फी, व्हॅनचं भाडं, बूट, टाय. कुणाची पोरगी नववी-दहावीला आहे, तिला तालुक्याच्या गावी इंग्रजीची शिकवणी लावायची आहे. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागताना बाई चार वेळा विचार करते. इंग्रजीचं नाव निघालं की विचार करत नाही, सही करून मोकळी होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण शेळी घेताना आपण तिचे दात बघतो, कास बघतो. मग लेकराच्या इंग्रजीसाठी वीस-पंचवीस हजारांचं कर्ज उचलायच्या आधी गावच्या शाळेत इंग्रजी कोण शिकवतं, कसं शिकवतं, हे एकदा तरी बघायला काय हरकत आहे?

शहरातल्या मोठ्या शाळेत इंग्रजीचा विभाग असतो. चार-पाच शिक्षक असतात, त्यांचा एक प्रमुख असतो, ते बसून ठरवतात की कुठल्या महिन्यात कुठला धडा घ्यायचा. आपल्याकडे विभाग म्हणजे एक सर नाहीतर एक मॅडम. पाचवी ते दहावी सगळे वर्ग त्यांच्याच गळ्यात. त्यातच निवडणुकीचं काम येतं, शालेय पोषण आहाराचे हिशेब येतात, ऑनलाइन माहिती भरणं येतं. ते सर रजेवर गेले की विभागच रजेवर गेला. आणि ते निवृत्त झाले तर?

आमच्या भागातल्या एका गावात नेमकं तेच झालं. गावाचं नाव मी घेत नाही, शाळेचंही नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत. जुने सर मे महिन्यात निवृत्त झाले. गावाने सत्कार केला, फेटा बांधला, फोटो काढले. त्यांच्या जागी कोण येणार हे मात्र कुणी विचारलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली. इंग्रजीचा तास कधी विज्ञानाच्या सरांकडे, कधी चित्रकलेच्या सरांकडे, कधी मुलांना सांगायचं की धडा वहीत उतरवून काढा. हे आयांना कळलं कसं? गटातली एक ताई, स्वतः सातवी शिकलेली, दिवाळीच्या सुट्टीत घर आवरताना पोरीच्या वह्या लावत होती. गणिताची वही भरत आलेली, विज्ञानाची भरत आलेली, इंग्रजीच्या वहीची मोजून अकरा पानं लिहिलेली. आणि त्यातही लाल शाईची खूण कुठे नाही. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पानं मोजता येत होती. बैठकीला येताना ती वही पिशवीत घालूनच आली.

मग आम्ही पंधरा-सोळा जणी शाळेत गेलो. आधी चिठ्ठी देऊन, वेळ घेऊन गेलो, भांडायला म्हणून नाही. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. म्हणाले, "ताई, जागा रिकामी आहे हे खरं आहे. पण माझ्या हातात काय आहे?" आणि त्यांनी जे सांगितलं ते मला इथे नीट सांगायचंय, कारण ते आपल्याला कुणी सांगत नाही.

शाळेत किती शिक्षक असावेत हे संस्था आपल्या मनाने ठरवत नाही. दरवर्षी पटावर मुलं किती ते बघून शिक्षण विभाग शिक्षकांची पदं मंजूर करतो. त्याला संचमान्यता म्हणतात. पट कमी झाला की पद कमी होतं. आणि मंजूर पद असलं तरी भरती आता पवित्र पोर्टलवरून होते, तिला तिच्या वेळा आहेत. संस्थेला वाटलं म्हणून उद्या माणूस आणून उभा करता येत नाही. निदान पगारी, कायम माणूस तरी नाही.

आता यातली गोम बघा. गावच्या शाळेत इंग्रजी बरोबर शिकवत नाहीत म्हणून दहा आया आपली मुलं काढून इंग्लिश मीडियमला घालतात. पट दहाने उतरतो. पट उतरला की पद जातं, आणि उरलेल्या मुलांना शिकवायला आणखी एक माणूस कमी होतो. मग पुढच्या वर्षी आणखी आया म्हणतात, बघा, इथं काही शिकवतच नाहीत. शाळेत मागे राहतात त्या बहुतेक मुली. कारण व्हॅनचे पैसे काढायची वेळ आली की आधी मुलाचे निघतात. हे मी कुणा एकीला उद्देशून म्हणत नाही. कुठल्याही मराठी शाळेच्या दारात पाच मिनिटं उभं राहा आणि मोजा.

त्या शाळेत पुढे काय झालं ते सांगते. गावात एका घरची सून इंग्रजी घेऊन बीए झालेली, पुढे बीएड केलेली, लग्नानंतर घरातच. शाळेने तिला तासिकेवर घ्यायचं ठरवलं. मानधनाचा प्रश्न आला. ग्रामसंघाच्या बैठकीत एक जण म्हणाली, प्रत्येक घराने महिन्याला शंभर रुपये काढू या. त्यावर दुसरी उठली. ती म्हणाली, "का म्हून काढायचं? शाळा अनुदानित हाय. पगार सरकारनं द्यायचा. आज आपण शंभर दिलं तर उद्या सरकार म्हनल, तुमचं तुमी बघा." तासभर वाद झाला. दोघींचंही मला पटत होतं. शेवटी असं ठरलं की मार्चच्या परीक्षेपर्यंतच पैसे काढायचे, तेही फक्त दहावीच्या वर्गासाठी, आणि रिकामं पद भरावं असा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा, त्याची एक प्रत जिल्ह्याला माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायची. पोचपावती घेतली. पद अजून भरलेलं नाही. पण त्या सूनबाई आठवड्याला सहा तास घेतात, आणि त्या अकरा पानांच्या वहीला आता दुसरी वही जोडली आहे. दर दोन महिन्यांनी समितीच्या बैठकीत पदाचं काय झालं हा प्रश्न विचारला जातो, इतिवृत्तात लिहिला जातो.

समितीवरून आठवलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यात सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती ठेवावी लागते. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तुमच्यातल्या कितीतरी जणी कागदावर त्या समितीत आहेत. सही करून घरी येता. पुढच्या वेळी सही करण्याआधी एकच विचारा: आमच्या शाळेत इंग्रजीचं पद भरलेलं आहे का, आणि जे शिकवतात त्यांचा विषय इंग्रजीच आहे का? समिती पहिली ते आठवीची असली तरी शाळा एकच असते, आणि आठवीला कच्चं राहिलेलं इंग्रजी दहावीला पक्कं होत नाही.

आता मुलं शिकतात काय ते बघू. आपल्या मराठी शाळेत इंग्रजी ही तिसरी भाषा म्हणून असते. साल २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणून माझ्या वयाच्या बायकांनी ए बी सी डी पाचवीत गिरवली, आणि आपल्या लेकी ती पहिलीतच गिरवून आल्या. तरी दहावीला अडतं ते इंग्रजीपाशीच आणि गणितापाशी. दहावीला 'माय इंग्लिश कोर्सबुक' नावाचं बालभारतीचं पुस्तक आहे. लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. उरलेले २० गुण शाळेतून मिळतात.

त्या पेपरात सगळं पुस्तकातलंच विचारतात असं नाही. कधी न वाचलेला उतारा देतात, तो वाचून उत्तरं लिहायची. पत्र लिहायचं असतं. एखादा तक्ता देतात आणि त्यातली माहिती वाक्यांत लिहायला सांगतात. हे ऐकून मला आपलं गटाचं रजिस्टर आठवलं. कोणी किती बचत केली, कोणी किती फेडलं, हा तक्ताच की. त्या गावातल्या सूनबाईंनी खरंच तसं केलं. मुलींना म्हणाल्या, आईच्या गटाचं एक पान उतरवून आणा, नावं बदला, आणि इंग्रजीत पाच वाक्यं लिहा. पोरींना कळलं की तक्त्यात 'जास्त', 'कमी', 'दुप्पट', 'सर्वांत आधी' एवढे शब्द आले तरी गाडी चालते. पुस्तकातला परदेशातल्या शहरांचा नाहीतर कारखान्यांच्या उत्पादनाचा तक्ता त्यानंतर तितका परका वाटेना.

आणि शेवटी पाच गुणांचं भाषांतर असतं. इंग्रजी शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण आपल्या भाषेत लिहायची. इथे आईला काम आहे. म्हण देतात इंग्रजीत, पोरीला तिचा शब्दशः अर्थ कळतो, पण त्या अर्थाची आपली म्हण कुठली ते सुचत नाही, कारण घरात म्हणी बोलल्याच जात नाहीत, मोबाईल बोलतो. आपल्या आज्या प्रत्येक वाक्याला म्हण लावायच्या. तुम्ही भाकरी करताना पोरीने इंग्रजी म्हणीचा अर्थ मराठीत सांगायचा आणि तुम्ही त्याच अर्थाची आपली म्हण शोधायची. एक गुण असेल, पण पस्तीसला दोन-तीन गुण कमी पडले म्हणून रडणाऱ्या पोरी मी बघितल्यात. इंग्रजी न येणाऱ्या आईला इंग्रजीच्या पेपरात मदत करता येते, ती अशी.

आता त्या २० गुणांचं. हे शाळेने द्यायचे असतात, तोंडी परीक्षा आणि वर्षभराचं काम बघून. २०१९ च्या परीक्षेला भाषांचे हे शाळेतले गुण बंद केले होते, सगळा पेपर लेखी केला होता, अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. केवढी ओरड झाली तेव्हा. पुढच्या वर्षापासून ते गुण परत सुरू झाले. म्हणजे या वीस गुणांवर किती मुलं तरतात ते दिसलं.

ते असावेत असंच मला वाटतं. पण माझं म्हणणं वेगळं आहे. ते गुण मुलीने चार वाक्यं बोलावीत यासाठी आहेत. बऱ्याच ठिकाणी काय होतं, तोंडी परीक्षा होतच नाही. सगळ्यांना सरसकट सतरा-अठरा गुण. पोरगी पास होते, आपण पेढे वाटतो. आणि दोन वर्षांनी तीच पोरगी नर्सिंगच्या प्रवेशाला, नाहीतर पुण्याला कंपनीत मुलाखतीला जाते आणि स्वतःचं नाव-गाव इंग्रजीत सांगताना तिचा घसा कोरडा पडतो. तिला वाटतं आपणच मठ्ठ. अगं, तू मठ्ठ नाहीस, दहा वर्षांत तुला कुणी बोलायला उभंच केलं नाही. म्हणून लेकीला घरी आल्यावर विचारा, तोंडी परीक्षा झाली का? सरांनी तुला काय विचारलं? तू काय बोललीस? "नुसती सही घेतली" असं म्हणाली तर ते पालकसभेत बोला. सरांवर धावून जायचं नाही. साठ मुलांची तोंडी एकट्या माणसाने घ्यायची म्हणजे त्यालाही जड जातं. वेळापत्रकात त्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवा असं मुख्याध्यापकांना सांगायचं.

इंग्लिश मीडियमबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यावर प्रत्येकीचं मत ठरलेलं असतं. घालू नका असं मी म्हणणार नाही. फक्त दोन गोष्टी बघा. एक, तिथे शिकवणाऱ्या ताईंना स्वतःला इंग्रजी बोलता येतं का. पाटी इंग्रजी आणि आत सगळं घोकून घेणं, अशा शाळा आपल्या तालुक्यांत कमी नाहीत. दुसरं, पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेतून मोफत प्रवेश मिळाला असेल तर तो आठवीपर्यंत आहे. नववीला फी आपल्याला भरायची आहे. सातवीत असतानाच त्याची तजवीज करा, नाहीतर ऐन नववीत मूल परत मराठी शाळेत आणावं लागतं, आणि त्याला मराठीत भूमिती, विज्ञान समजून घेताना नाकी नऊ येतात. सेमी इंग्रजी हा मधला रस्ता आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तोही शिकवणारा असेल तरच.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढं बोलत आले ते. निकालाचा दिवस. मुलगी इंग्रजीत नापास झाली की घरात काय बोलणं सुरू होतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन दिवसांत एखादी मावशी येते. "शिकून काय करायचंय, स्थळ चांगलं हाय, पोरगा मिलिट्रीत हाय." मुलगा नापास झाला तर म्हणतात, बसेल परत. मुलगी नापास झाली तर म्हणतात, नशिबातच नव्हतं. एका विषयाच्या पाच-सहा गुणांवर तिचं सगळं आयुष्य मांडवाखाली जातं. सोळा वर्षांची पोर, अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न करणं गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सुपारी फुटते.

तर हे कान देऊन ऐका. दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो. त्याला एटीकेटी म्हणतात. वर्ष वाया जात नाही. राहिलेला विषय सोडवायला निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमाराला, पुरवणी परीक्षा असते. तिचा अर्ज शाळेतूनच भरायचा असतो आणि मुदत थोड्या दिवसांची असते. निकाल लागला की त्याच आठवड्यात शाळेत जा, रडणं नंतर. गुणांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. त्यालाही मुदत आहे, फी आहे. गटातून एवढ्या फीसाठी अंतर्गत कर्ज द्यायला कुठलीही अध्यक्ष नाही म्हणणार नाही. ही 'शैक्षणिक' कर्जाची खरी वेळ. आमच्या काही गटांनी आता ठरवलंय, दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी बैठक. कोणाची पोरगी कुठल्या विषयात राहिली ते तिथे उघड सांगायचं, लाजायचं नाही, आणि तिच्या आईबरोबर दोघींनी शाळेत जायचं. मावशी स्थळ घेऊन यायच्या आत पावती घरात आलेली बरी.

सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ साली छापला. इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या कविता त्यांनी तेव्हाच लिहिल्या. त्या काळात मुलीच्या हातात पाटी दिली तरी दगड-शेण अंगावर यायचं. आपल्या लेकींना दगड कुणी मारत नाही, नुसता तास रिकामा जातो.

ज्यांची स्वतःची दहावी राहिली आहे त्यांनीही ऐका. शाळा सुटून कितीही वर्षं झाली तरी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. आमच्या एका गटातल्या दोघी बसणार आहेत. एकीची लेक नववीत आहे. दोघी मायलेकी एकाच पुस्तकातून अभ्यास करतात, आणि इंग्रजीत कोण पुढे आहे ते मी विचारलं नाही. पुस्तक विकत घ्यायचीही गरज नाही, बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतं.

या महिन्यात प्रत्येकीने लेकीची इंग्रजीची वही बैठकीला आणा. वाचता येत नसलं तरी पानं मोजा, तारखा बघा, लाल शाई आहे का बघा. कुठे काही अडलं तर आपल्या प्रभागाच्या समन्वयक ताईंना सांगा, अर्ज कसा लिहायचा ते त्या बसून लिहून देतील. पुढच्या वेळी गणिताबद्दल बोलायला एक बाई येणार आहेत, त्यांचं ऐकायला विसरू नका. नमस्कार.